टीगांच्या टेकडीवरचे दगड

वर्ना प्रुएट शाळेत स्वयंपाकीण होती. निवृत्त झाली आणि मेलेल्या माणसांच्या मागे लागली, असं तिची सून म्हणायची. मिसूरीच्या डोंगराळ भागातल्या हॅलर काउंटीत, जुन्या तुरुंगाच्या इमारतीत, इतिहास मंडळाची एक खोली होती. कुणी दूरच्या राज्यातून पणजोबांचा माग काढत आलं, की वर्ना त्याला कॉफी पाजी, वंशावळ काढून देई आणि आपल्या गाडीत घालून थडग्यापर्यंत नेऊन सोडी. मंडळातले एकेक जण मातीआड गेले. शेवटी ती आणि म्हातारा ओडेल, एवढे दोघंच उरले.

टेकडीवरची टीगांची दफनभूमी तिच्या माहेरची. तिचा डेलही तिथंच होता. नुकतं कुठं बाळसं धरलेलं पोर न्यूमोनियानं गेलं, तेव्हा कोरीव दगड काही झेपला नाही. नवऱ्यानं ओढ्यातला एक धोंडा आणून उशाशी रोवला होता.

दरवर्षीसारखी मे महिन्याच्या अखेरीस ती फुलं घेऊन वर गेली, तर पुढे नुसतं नांगरलेलं रान. कुंपण नाही, झाडं नाहीत. दगड सगळे घळीत ढकललेले. ती तिथंच मातीत बसली.

जमीन नव्यानं घेतलेला ब्रेंट स्ट्राउड ट्रॅक्टरवरून उतरून धावत आला.

"वर्नाबाई, चक्कर आली का?"

"काय केलंस रे हे?"

"गवतासाठी साफ केलं. नुसती झुडपं माजली होती. दगड दिसले चार-दोन, पण म्हटलं, इथं येतंय कोण?"

"मी येते."

ब्रेंटनं वळून घळीतल्या दगडांकडे पाहिलं.

"तुझ्या आजीची आई इथंच होती. ऑर्फा टीग. बाळंतपणात गेली. घरी कुणी सांगितलं नाही तुला?"

"आमच्याकडे असलं कुणी बोलायचंच नाही." त्यानं टोपी काढली, परत घातली. "खरंच माहीत नव्हतं हो मला."

तिनं खोलीवर येऊन सांगितलं, तसा ओडेल नुसता पेटला. "शेरीफकडे चल! कायदा आहे म्हणावं!"

"कायदा काय डेलला शोधून देणार आहे?" वर्ना म्हणाली.

ब्रेंटनं दगड वर आणले. ज्यांच्यावर नावं होती ते बांधाला ओळीनं उभे केले. कोण नेमकं कुठं निजलंय, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बिननावाच्या धोंड्यांचा वेगळा ढीग झाला. वर्ना त्यातला एकेक उलटून बघत राहिली. बघताक्षणी ओळखू, असं तिला वाटलं होतं. बोटं सोलवटली, तरी एकही ओळखीचा वाटेना.

ओडेलला राहवेना. "घे ना त्यातला एखादा. कुणाला कळणारेय?"

"मला कळेल," ती म्हणाली आणि हात झटकून उठली.

त्यानंतर मंडळाच्या खोलीत तिचं मन लागलं नाही. कुणी फोन केला तर "ओडेलला विचारा" म्हणे. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. डेलजवळ पुरा, असं तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं. पण त्या रानात कुदळ मारायची कुठं? कुणावर पडेल, याचा नेम नव्हता. म्हणून तिला गावातल्या चर्चमागे पुरलं. शवपेटी उचलायला ब्रेंट आला होता. काम झाल्यावर कुणाशी न बोलता निघून गेला.

मंडळाची खोली काउंटीनं मतदानयंत्रं ठेवायला घेतली. टेकडीवर आता गवत छान येतं.