साडूले भात, मले भाकर

आज दुपारी माह्याच घरात माह्यावर अन्याय झाला, मंडळी, म्हून लिहून राहिलो.

माहे साडू, मनजे बायकोच्या मोठ्या बहिनीचे मालक, अचलपूरहून एसटीनं आले. पोट बिघडलेलं. बायकोनं लगेच पांढरा भात नरम शिजवला, वरून तूप सोडलं अन् सोताच्या हातानं कालवून देल्ला.

"खा भाऊजी. भात हलका असते, पोटाले सोसते, अंगात ताकत येते."

मी बी ताट पुढं केलं.

"तुमाले शुगर हाय. भातानं लगेच चढते, अन् घंट्याभरात पुन्हा भूक भूक करता. भाकर खा."

"डाक्टर म्हने, वाटीभर चालते, वरन-भाजीसंगं."

"तुमची वाटी मनजे भात शिजवाचा अख्खा गंज असते!"

साडू हासले. "भाकर लय चांगली तब्येतीले," म्हने, अन् तुपाची बोटं चाटली. माहा जीव असा जळला! एवढ्या वर्साच्या संसारात मले तिनं कधी हातानं भात कालवून देल्ला नाई.

संध्याकाळी मीच पोट धरून बसलो. "अवं, माहं बी पोट बिघडलं वाट्टे."

तिनं उरलेला भात गरम केला. मले वाटलं, जमलं. तो बी तिनं साडूलेच वाढला. मले म्हने, "तुमी ताक प्या अन् गुमान पडा."

आता साडू म्हनते, पोट अजून नरमच हाय, दोन दिवस थांबतो.

सांगा मंडळी, साडूचं पोट लवकर बरं कराले काय द्यावं?