कडुनिंबावरची गुळवेल

टेकडीवरच्या कडुनिंबापाशी आज थांबले. फांदीवरून गुळवेलीचं मूळ सरळ खाली येऊन मातीत शिरलं होतं, आता बोटाएवढं जाड. खाली जुना खुंट वाळलेला. तो मीच कापलेला.

कोरोनाच्या वर्षी, निसर्गाला ओरबाडल्याची ही शिक्षा, असं एकमेकांना सांगत आमची सोसायटी काढ्यासाठी पिशव्या घेऊन इथे चढली होती. शेळ्या चारणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, बुडापासून नका कापू. वरची चार कांडी न्या." मी मान डोलावली आणि विळा चालवत राहिले.

वेलीने वरूनच पुन्हा माती शोधली. काढा आम्ही दोनदाच केला. कडू लागला. उरलेली कांडी अजून बरणीत पडून आहेत.