पुढच्या पायडलच्या पट्ट्या

माझ्या आत्याला दिसत नाही, हे नव्या माणसाला कळायला अर्धा तास लागतो, कारण पहिला अर्धा तास तीच बोलत असते. चार वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली, असं माझे वडील म्हणायचे. वेताच्या खुर्च्या विणणं हा तिचा धंदा. शाळा, दवाखाने, वकिलांची ऑफिसं, कुठेही बैठक फाटली की तिला बोलावणं यायचं. ती जमिनीवर बसायची, खुर्ची मांडीशी उलटी धरायची, भोकांवरून एकदा बोटं फिरवायची आणि सांगायची, "या खुर्चीवर डावीकडे झुकून बसणारा माणूस आहे. त्याला म्हणावं सरळ बस, नाहीतर मी परत येणार नाही."

तिला कामावर न्यायचे आतोबा, म्हणजे तिचे यजमान. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी कुठूनतरी एक जुनी दोन माणसांची सायकल आणली. दोन सीटं, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. आम्ही मुलं तिला 'लांबडी' म्हणायचो. दोन्ही पायडल एकाच साखळीत गुंतलेले होते. पुढचे फिरले की मागचे फिरणार आणि मागचे फिरले की पुढचे. कोणाची सुटका नाही, लग्नासारखंच, हा आतोबांचा आयुष्यभरातला एकमेव विनोद.

आत्याचे पाय पायडलवरून घसरायचे. दिसत नसल्यामुळे फिरतं पायडल परत सापडायचं नाही आणि नडगीवर आपटायचं. सायकलच्या दुकानदाराने पायडलमध्ये अडकणारे खास बूट दाखवले. आतोबा म्हणाले, "बूट एकच. जो लग्नाला तोच कामाला." मग आत्यानेच खुर्चीची पांढरी नवार कापून पायडलवर आडव्या पट्ट्या शिवल्या. साध्या बुटाचा पुढचा भाग आत सरकवायचा, बूट घट्ट बसतो. काढायचा तर मागे ओढायचा. आधी स्वतःला शिवल्या, मग आतोबांना. बक्कल नाही, काही नाही. ज्याच्या बुटाचं माप त्याची पट्टी.

या पट्ट्यांची एकच अट होती. थांबायच्या आधी पाय सोडवले नाहीत तर सायकलीसकट आडवं व्हायचं. म्हणून थांबायला दहा पावलं राहिली की आतोबा म्हणायचे, "पट्टी." एवढंच. आत्या पाय ओढून घ्यायची. वळणावर ते घंटी वाजवायचे, दोनदा. तीस वर्षांत याहून जास्त बोलणं लांबडीवर झालं असेल तर ते आत्याचं.

आतोबा रोज सकाळी बुटांना काळं पॉलिश करायचे. त्यामुळे त्यांच्या पट्ट्या आतून काळ्या व्हायच्या. आत्या दर रविवारी त्या धुवायची आणि कुरकुरायची. काळं तिला दिसायचं नाही, वास यायचा.

गेल्या वर्षी तिला वाचनालयाचं काम मिळालं. वाचकांच्या दालनातल्या चाळीस खुर्च्या. घरापासून पंचवीस मिनिटं. आधी सरळ रस्ता, मग पूल, मग चढ, पाण्याच्या टाकीशी वळण, पुढे आणखी एक वळण आणि फाटक. एका सकाळी लांबडी नेहमीसारखी फाटकातून आत आली आणि नेहमीच्या जागी थांबली. आत्याने पाय टेकले. आतोबा उतरले नाहीत. वॉचमन म्हणाला, "काका, आज बसूनच राहणार का?" आणि त्याने खांद्याला हात लावला.

डॉक्टरांनी सांगितलं, जाऊन पंधरा मिनिटं तरी झाली असावीत. पंधरा मिनिटांपूर्वी लांबडी पुलावर होती.

म्हणजे चढ, टाकीचं वळण, पुढचं वळण आणि फाटक, हे सगळं झालं तेव्हा पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. पाय पट्ट्यांत होते, म्हणून फिरत होते. आत्या मागून पायडल मारत होती. लोक म्हणाले, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. मीही तेच म्हणाले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मला उंदराची भीती वाटते आणि एका माणसाला तेवढी पुरे.

तेराव्या दिवशी आतेभाऊ म्हणाला, "आईला मी घेऊन जातो." तो दुसऱ्या गावात चौथ्या मजल्यावर राहतो. मोठा अधिकारी आहे, घरातसुद्धा आम्ही त्याला 'साहेब' म्हणतो. मनाने वाईट नाही. पण तिथे आत्या काय करणार? सोफ्यावर बसणार. साहेबाकडे वेताची एक खुर्ची नाही.

आत्या म्हणाली, "माझ्या खुर्च्या अर्ध्या राहिल्यात."

"बसने जा मग," साहेब म्हणाला.

"बसमध्ये मला बसवतात," आत्या म्हणाली. "सायकल मी चालवते."

शेवटी ठरलं की पुढे बसणारं कोणी मिळालं तर ती राहील, नाहीतर जाईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी शाळेतली कारकुनी दुपारची, सकाळ मोकळी, लग्न केलेलं नाही. असल्या वेळी बिनलग्नाची बाई सगळ्यांच्या आधी दिसते. मी हो म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आत्याने जुन्या पट्ट्या कापून माझ्या कॅनव्हासच्या बुटांच्या मापाने नव्या शिवल्या. पहिल्याच दिवशी मी 'पट्टी' म्हणायला विसरले आणि दोघी भाजीवाल्याच्या टोपल्यांवर आडव्या झालो. आत्या उठून म्हणाली, "यांनी तीस वर्षांत मला एकदाही पाडलं नाही. तू पहिल्याच दिवशी पाडलंस." मग मला जमायला लागलं. आठवड्याभरात तर मजाही वाटायला लागली.

फक्त तो चढ.

पूल संपला की पायडल जड व्हायला हवेत. ते हलके व्हायचे. आधी मला वाटलं, आत्याचे पाय दमदार आहेत. बासष्ट वर्षांची बाई, पण तीस वर्षं सायकल मारलेली. एकदा धाप लागली म्हणून मी अंग सोडलं, पाय नुसते ठेवले. लांबडी चढ चढतच राहिली. वर पोचल्यावर मी म्हणाले, "आत्या, तू एवढा जोर लावू नकोस गं, वय झालं तुझं."

ती म्हणाली, "मी कुठे लावला? माझे पाय तर नुसते ठेवलेले. मला वाटलं, तू लावतेस."

टाकीच्या वळणावर घंटी वाजवायचं भान मला राहिलं नाही. घंटी वाजली. दोनदा. अंगठा माझाच असेल, दुसऱ्या कोणाचा असणार? पण वाजवल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी दालनात मी तिच्यासमोर बसले. ती ओली वेताची पट्टी भोकातून ओढत होती. मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी तुला कळलं होतं का?"

"पुलावरच कळलं," ती म्हणाली. "माणसाचा पाय पायडलवर बोलतो. तीस वर्षं मी तेच ऐकत आले. पुलावर बोलणं थांबलं आणि पाय नुसते माझ्याबरोबर यायला लागले."

"मग तू थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर हे पडले असते. रस्त्यात पडलेलं त्यांना आवडलं नसतं, बुटांना पॉलिश केलं होतं." तिने वेत पक्का करायला भोकात खुंटी ठोकली. "मी मारत राहिले. म्हटलं, जिथे जाईल तिथे जाऊ दे. मग घंटी वाजली. आणि फाटकाशी आल्यावर हे म्हणाले, पट्टी."

"आत्या."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं. साहेबाला बोलू नकोस, तो मला गोळ्या सुरू करेल."

मी आणखी तीन आठवडे रेटले. रोज पूल आला की मला मानेवर थंड वाटायचं. रोज पायडल हलके व्हायचे. मला कोणी त्रास दिला नाही, उलट माझं काम कोणीतरी करत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. आपण बसलोय ती जागा आपली नाही, हे कोणी न बोलता सांगत असेल तर किती दिवस बसून राहायचं? शनिवारी मी आत्याला म्हणाले, "सोमवारपासून मला जमणार नाही." कारण शाळेतल्या तपासणीचं दिलं. ते खोटं होतं आणि तिला ते कळलं. ती एवढंच म्हणाली, "नऊ खुर्च्या राहिल्यात गं."

मी साहेबाला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी सकाळी येतो. रविवारभर मला स्वतःची लाज वाटत होती. एका आंधळ्या बाईचं जगणं मी तपासणीच्या नावाखाली सोफ्यावर पाठवलं होतं.

सोमवारी तिची बांधाबांध करायला गेले. दार नुसतं लोटलेलं. मेजावर सुई, दोरा, पांढऱ्या नवारीचे तुकडे आणि माझ्या मापाच्या दोन कापलेल्या पट्ट्या. व्हरांड्यात लांबडी नव्हती.

मी धावत जाऊन वाचनालयाकडची बस पकडली. बसमध्ये मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेला बघत होते. पुलाखाली बघितलं. चढावर बघितलं. कुठेही गर्दी जमलेली नव्हती.

फाटकावर वॉचमन पेपर वाचत होता. "आल्या ना मघाशीच," तो म्हणाला. "नेहमीच्या वेळेला."

"बरोबर कोण होतं?"

"तुम्हीच असाल," तो म्हणाला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेपर खाली ठेवला.

लांबडी नेहमीच्या जागी उभी होती. मी वाकले. पुढच्या पायडलवर नव्या पट्ट्या होत्या, आत्याच्या बारीक टाक्यांच्या, आतोबांच्या मापाच्या. नवार कोरी, पांढरीशुभ्र, आजच शिवलेली. मी एक पट्टी उलटून पाहिली. आतून काळी होती. बोट लावलं तर बोटाला लागलं. मी हुंगलं. दुसरी उलटून बघायचा धीर झाला नाही.

आत्या दालनात खुर्ची मांडीशी धरून बसली होती. माझी चाहूल तिला दारातच लागली.

"साहेब येतोय," मी म्हणाले. "चल घरी. मी चालवते. यापुढे रोज मीच चालवते. माझं चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही." तिने वेत पाण्यात बुडवला. "पण पुढे जागा नाही गं."

बसमध्ये सीट भरली असावी, तसं ती सहज म्हणाली.

"तू बसने जा आणि चहा टाक," ती म्हणाली. "एवढी खुर्ची झाली की आम्ही येतोच."

मी बसने परत आले. साहेब मोठी बॅग घेऊन व्हरांड्यात उभा होता. आई कुठे आहे म्हणाला, मी सांगितलं, कामावर. कोणाबरोबर, त्याने विचारलं. मी आत जाऊन आधण ठेवलं. साडेअकराला रस्त्याच्या वळणावर घंटी वाजली, दोनदा. मग टायरांचा आवाज जवळ आला आणि तो थांबायच्या आधी एक शब्द, हळू, पुरुषाच्या आवाजातला. तो मी ऐकला की मला ऐकू यावासा वाटला, ते मला सांगता येणार नाही. पण हा शब्द ऐकत लहानाचा मोठा झालेला साहेब व्हरांड्यात होता. त्याने हातातली बॅग हळूच खाली ठेवली आणि पायाने भिंतीशी सरकवली.

मी कपाटातून चार कप काढले.