परक्याच्या मिशा

इजिप्तमधल्या दमयात गावी नदीकाठी हिलमीचं मिठाईचं दुकान. जिलबीसारखं जाळीदार मुशब्बक तो झकास तळायचा, पण गिऱ्हाइकाची बोटं पाकात बुडाली की याचं बोट भिंतीकडे जायचं. तिथे एका लग्नातला जुना फोटो होता. बरीच माणसं, आणि मधोमध खुर्चीत गोंड्याची तरबूश टोपी घातलेला, मिशांना पीळ दिलेला एक रुबाबदार गृहस्थ.

"आमचे आजोबा. मुतवल्ली बे," हिलमी सांगायचा. 'बे' ही पदवी त्यानेच बहाल केलेली. आजोबा त्याच्या जन्माआधीच गेले, बापही लवकर गेला. विचारायला जवळ कुणी नव्हतं, आणि खरं तर त्याला विचारायचंही नव्हतं. त्याने आपल्या तश्शाच मिशा राखल्या. सकाळी मेण लावण्यात इतका वेळ जायचा की बायको, इन्साफ, ओरडायची, "बेसाहेब नटून झाले असतील तर भट्टी पेटवायची का?"

मुलीच्या साखरपुड्याला नफूसा आत्या आली. ती कित्येक वर्षं मुलाकडे कुवेतला असायची. होणारे व्याही दुकानात बसलेले पाहून हिलमीला चेव आला. त्याने फोटो उतरवून आत्याच्या मांडीवर ठेवला.

"आत्या, सांग ना यांना, तुझे बाबा कसे होते ते."

आत्याने फोटो नाकाशी धरला. "हा? हा तर अदहम! या मेल्याचं थोबाड अजून टांगलंय होय?"

"अदहम कोण?"

"आमच्या आईचं, सनियाचं, लग्न याच्याशी ठरलं होतं. कापूसवाल्याची पोरगी मिळाली तसा मोडून मोकळा झाला. हे त्याचंच लग्न. बाबा तिथे मिठाई करायला गेले होते."

"मग आजोबा कुठायत?"

आत्याने फोटोच्या कडेला बोट ठेवलं. बाही वर सरकवलेला एक हात, त्यावर तबक. "हे बाबा."

"आत्या, हा हात आहे."

"मग? बाकीचे बाबा मावले नाहीत."

व्याह्यांचे खांदे हलू लागले. हिलमीचे कान तापले. आजीला नाकारणाऱ्याच्या मिशांना आपण वीस वर्षं मेण चोपडतोय! पण त्यालाही हसू फुटलं. "व्याहीबुवा, पोरगी करायची तर हुशार घरातली करावी म्हणतात. अजून विचार करा."

"पण मग हा फोटो टांगून का ठेवला?" इन्साफने विचारलं.

"बाबांनीच टांगला. म्हणायचे, याचे उपकार आहेत माझ्यावर. हा शहाणा असता तर सनिया माझ्या वाट्याला आली असती का?"

हिलमीने फोटो जवळ ओढून तो हात पाहिला. मग हळूच म्हणाला, "दिसायला कसे होते गं?"

"टकले. मिशी ठेवायचे नाहीत, पाकाच्या वाफेने लोंबते म्हणायचे. आई रागावली की हसत बसायचे, म्हणजे ती आणखी भडकायची."

दुसऱ्या दिवशी हिलमीने मिशा उतरवल्या. दार उघडल्यावर इन्साफ म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?" वरचा ओठ इतका बारीक निघाला की नव्हताच म्हणा. गावात बातमी व्याह्यांनी पसरवण्याआधी त्याने स्वतःच पसरवली, तीही तिखटमीठ लावून.

आत्या आठवडाभर राहिली. रोज भट्टीजवळ बसून बाबांच्या गोष्टी सांगायची आणि ऐकता ऐकता हिलमीचे घाणे करपायचे. निघायच्या दिवशी त्याने विचारलं, "खरं सांग, त्यांचं मुशब्बक माझ्याहून चांगलं असायचं?"

आत्याने एक तुकडा सावकाश चघळला.

"पुष्कळ चांगलं," ती म्हणाली. "चार डबे बांध. कुवेतला याच्याइतकंही चांगलं मिळत नाही."