रंध्यावर चढणारी हाक

मेस्त्रींना काही पटवून द्यायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डोळ्याला दिसलं तर खरं, नाहीतर साफ खोटं, हा त्यांचा जन्माचा कायदा. दोन फळ्या जोडायच्या झाल्या की ते कडेला कड लावून उजेडासमोर धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. मधून केसभर जरी उजेड आला तरी काम कच्चं, फळी परत रंध्यावर. आयुष्यभर या एका डोळ्यावर पोट भरलेला माणूस. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर विश्वास ठेवायची त्यांना गरजच पडली नव्हती.

खाली कारखाना, वर घर आणि मध्ये उघडा जिना. कारखान्याच्या मधोमध रंध्याचं मशीन. खडबडीत फळी एका बाजूनं आत सारायची, गुळगुळीत होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर घ्यायची, आणि मध्ये जे काही सोलून निघेल ते छताला, भिंतींना, चहाच्या कपात आणि मेस्त्रींच्या भुवयांत. मशीन सुरू झालं की गल्लीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. अपवाद एकट्या मेस्त्रीणबाईंचा. "अहो, जेवायला या!" ही त्यांची हाक रंध्याच्या आवाजावर चढायची. शेजारचा शिंपी त्याच हाकेवर आपला डबा उघडायचा.

पण अलीकडे ती हाक बंद झाली होती. हाक मारायला श्वास भरला की खोकल्याची उबळ यायची आणि बाईंना कठड्यावर वाकवूनच थांबायची. मग त्या पळीनं जिन्याचा लोखंडी कठडा वाजवू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, लाकडाची धूळ छातीत बसतेय. हे ऐकून लेक तडक आली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, या महिन्यात काय तो बंदोबस्त करा. नाहीतर आईला मी घेऊन जाणार. चार दिवसांसाठी नाही, कायमची."

मशीन बंद ठेवावं तर खायचं काय? आणि बाई गेल्या तर? हा दुसरा प्रश्न मेस्त्री पुरा करतच नसत. त्याऐवजी ते चिडत. मशीनवर, डॉक्टरवर, लेकीवर, जो समोर सापडेल त्याच्यावर.

पहिला उपाय म्हणून त्यांनी मशीनच्या तोंडाला गोणपाट बांधलं. वाऱ्याला बाहेर पडायला जागाच नाही, तेव्हा गोणपाट टरटरून फुगलं आणि सुटलं ते थेट शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर. शिंप्यानं गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा आणून दाखवला. मेस्त्री म्हणाले, "झटक की! त्यात काय एवढं?"

मग त्यांच्या जुन्या दोस्ताला, पत्रेवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं मशीनवर बसेल असं पत्र्याचं टोपडं केलं, भुसा ओढायला ब्लोअर आणला आणि मध्ये रुंद पाईप घालायला निघाला.

"बारीक घाल," मेस्त्री म्हणाले. "नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात येतं. तसंच हे."

"अरे, ते पाणी आहे! हे छिलके आहेत. वळणावर अडकतील."

"मला शिकवू नकोस."

पत्रेवाल्यानं कपाळावर हात मारला आणि बारीक पाईप घातला. पहिल्याच फळीला वळणाशी छिलक्यांचा असा बोळा बसला की तो काढता काढता दोघांच्या नाकी नऊ आले. पाईप उलटा धरून आपटला, तारेनं कोरला, शेवटी कापूनच टाकला. मग रुंद पाईप आला. ब्लोअरच्या दुसऱ्या टोकाला जुन्या चादरीची मोठी पिशवी शिवून लावली आणि ती तिथेच कारखान्यात, जिन्याच्या बाजूला टांगली.

आणि काय सांगावं, झालं की काम! सगळे छिलके पिशवीत. जमिनीवर कण म्हणून नाही. मेस्त्रींनी शिंप्याला, किराणावाल्याला, पोस्टमनला, रस्त्यानं जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना बोलावून जमीन दाखवली. पत्रेवाल्याला तर अशा थाटात दाखवली, जणू रुंद पाईप यांनीच सुचवला होता.

बाईंचा खोकला मात्र वाढला. आता रात्री झोपेतही उबळ येऊ लागली. आगीतून फुफाट्यात, असं त्या मनात म्हणाल्या आणि एक दिवस नवऱ्याला तोंडावर म्हणाल्या, "अहो, धूळ जमिनीवर नाही, हवेत आहे. त्या चादरीतून निघते आणि जिन्यानं वर येते."

"मला तर दिसत नाही!"

"माझ्या छातीला दिसते."

"जमीन बघ, आरसा झालाय! तरी खोकतेस? तुला आता खोकायची सवयच लागलीय."

हे बोलायला नको होतं. मेस्त्रींना ते बोलतानाच कळलं, पण सुटलेला शब्द काही रंध्याखाली धरून परत गुळगुळीत करता येत नाही. बाई वर गेल्या. त्यांनी बॅग काढली. महिना सरला होता, लेक संध्याकाळी न्यायला येणार होती.

दुपारी मेस्त्री एका टेबलाच्या फळ्या रंधून जोडायला बसले. ब्लोअर तसाच चालू होता. दारातून ऊन आलं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी दोन फळ्यांच्या कडा जुळवल्या, उजेडासमोर धरल्या, एक डोळा मिटला. फळ्या जुळल्या नव्हत्या. फटीतून उन्हाची बारीक पट्टी आत आली आणि तिच्यात पिठासारखी धूळ उकळत होती.

मेस्त्रींनी दुसरा डोळाही उघडला. हळूच फळ्या वळवून ती पट्टी पिशवीवर पाडली. चादरीच्या विणीविणीतून धूर निघावा तशी धूळ निघत होती. पट्टी जिन्यावर सरकवली. धूळ सावकाश, घरच्या माणसासारखी, एकेक पायरी वर चढत होती. बाई पहिल्यापासून खरं सांगत होत्या. आणि आपण जमीन साफ करण्यासाठी पैसे मोजून ब्लोअर आणला, नको ते सगळं वर बायकोच्या छातीत पोचवायला! रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. त्यांना स्वतःच्या त्या मिटल्या डोळ्याचा असा संताप आला की फळ्या हातातून पडल्या.

संध्याकाळी लेक आली, बाई बॅग घेऊन उतरल्या. मेस्त्री एवढंच म्हणाले, "दिसली मला."

"काय दिसली?" लेकीनं विचारलं.

बाईंनी विचारलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, पदरानं त्यांच्या भुवयांवरचा भुसा पुसला आणि लेकीबरोबर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी हत्यारांचं कपाट भिंतीपासून ओढलं. उमेदवारीनंतर स्वतः केलेलं पहिलं कपाट. कुणाला हात लावू देत नसत. ते हलवायला दुसरी जागा नव्हती, तेव्हा त्याची पाठ कापली, मागची भिंत फोडली आणि पाईप कपाटातूनच बाहेर काढला. ब्लोअर, पिशवी सगळं मागच्या बोळात, पलीकडे नुसतं रिकामं मैदान. वर पत्र्याचं छप्पर. जिन्याला घट्ट बसणारं दार केलं. पत्रेवाला जे जे सांगेल ते ते मेस्त्री निमूट करत होते. शेवटी त्यालाच भीती वाटली, म्हणाला, "बरं वाटत नाही का रे तुला?" मग मेस्त्री रोज दारात उभे राहून दोन फळ्या उजेडासमोर धरत, पण कडा बघायला नव्हे. पट्टी कोरी दिसू लागली तेव्हा त्यांनी लेकीला निरोप धाडला.

बाई परतल्या. आल्या आल्या त्यांनी कपाटाची कापलेली पाठ पाहिली आणि वर गेल्या. पळी पुढे बरेच दिवस वाजत राहिली. छाती काही एका दिवसात निवळत नाही.

मग एका दुपारी मेस्त्रींनी मशीन नुकतंच बंद केलं होतं. जिन्याचं दार उघडलं आणि वरून आवाज आला, "अहो, जेवायला या!"

शेजारी शिंप्याच्या डब्याचं झाकण वाजलं. मेस्त्री हातातली फळी तशीच धरून उभे राहिले. उबळ येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आली नाही.

"अहो! ऐकू येतंय का? की कानातही भुसा गेला?"

ऐकू तर सगळ्या गल्लीला येत होतं. पण मेस्त्रींनी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ दिली नाही.