गिरजाची गाडी आणि माझा चुना

शेडला चुना मी लावला. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या सापगावात आधी भिंत पांढरी होते, मग चहाचं आधण चढतं. आणि शेजारच्या गिरजाच्या कोंबड्यांच्या शेडवर तर मुरबाडचे पोल्ट्रीवाले धाऊशेठ येणार होते. कॅमेऱ्यानं वाट ओळखत खाद्य वाटणारी तिची गाडी त्यांना पटली, तर पहिली गाडी ते घेणार. नाहीतर गिरजा परत भिवंडीच्या गोदामात. एवढ्या प्रसंगाला भिंत कळकट? ती बाजारात गेलेली बघून मी कुंचला उचलला.

आल्याआल्या तिनं गाडी चालू केली. गाडी दोन हात गेली, थबकली आणि म्हसा गावच्या जत्रेत चुकलेल्या पोरासारखी जागच्या जागी फिरू लागली.

"काका, हे कुनी केलं?"

"छान दिसतंय ना?"

"तुमाला दिसतंय. तिला कायच दिसत नाय!"

गोदामात गिरजा अशाच आपोआप फिरणाऱ्या गाड्या पुसायला लागली होती आणि हळूहळू त्यांची पोटं उघडून बघायला लागली. घरच्या शिलाई मशीनची मोटर हिच्या गाडीत गेली. तेव्हापासून तिची आई मशीन पायानं चालवते आणि गिरजाला तोंडानं.

"मग ती बघते तरी काय? कोंबड्या?" मी विचारलं.

"कोंबड्या हलतात. भिंतीवरचे डाग, पोपडे, पानाची पिचकारी, हीच तिची वळखीची मानसं. तुमी सगळं सारखं केलंत. वळायचं कुठं ते कुनाला विचारल ती?"

"गेरूचे पंजे उठवू?"

"सगळे पंजे सारखेच! चिखल मारा. आनि एका जागी नको, वेडावाकडा."

चुन्याचे हात धुवायच्या आत मी दोन्ही हातांनी चिखल फेकू लागलो. दारातून आई म्हणाली, "काकाला आता कुठं काम जमतंय!" मग गिरजानं गाडी हातानं ढकलत शेडभर फिरवली, नवे डाग तिला दाखवले.

धाऊशेठ आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "पावनं येनार तर जरा चुना तरी मारायचा गो!"

मी खोकलो.

गाडी निघाली. खाद्य सांडत, डाग बघत, पहिलं वळण तिनं बरोबर घेतलं. मी मुद्दाम मधे उभा राहिलो. ती माझ्यापाशी आली, थांबली, जरा विचारात पडल्यासारखी झाली आणि मला वळसा घालून सरळ पुढच्या कोपऱ्यात वळली.

"एक माझ्याकडं धाड," धाऊशेठ म्हणाले.

माझी छाती फुगली. मी हळूच विचारलं, "गिरजा, थांबली बघ माझ्यासाठी! काय म्हणून वळखलं गं तिनं मला?"

"अडथळा."