नकारघंटा आणि पुढचा नंबर

कचेरीत तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'नकारघंटा'. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. दुसरं जास्त आवडे. त्यात निदान कामाचं वर्णन होतं.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नळ्यांची लेबलं तिच्या मंजुरीशिवाय बदलत नसत. संगणकात रुग्णांच्या माहितीची एक्सएमएल फाइल आत जाई, लेबलं बाहेर पडत. मधलं काम करणारी प्रोग्रॅमिंगची भाषा मानी: काय हवं तेवढं सांगायचं, कसं आणि कोणत्या क्रमानं, ते ती भाषा चालवणारं इंजिन बघून घेणार. त्या भाषेला साधं मोजायला लावणंही जिकिरीचं, म्हणून कचेरीच्या साहेबांनी तरुणपणी बाहेरून एक फंक्शन, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्रॅम, जोडलं होतं. हाक मारली की ते पुढचा नंबर देई आणि गुपचूप एकानं वाढे. साहेबांना त्याचं पोटच्या पोरासारखं कौतुक.

मग नवं इंजिन आलं. प्रश्न तोच तर उत्तरही तेच, असा त्याचा सरळ हिशेब. त्यानं फंक्शनला एकदाच विचारलं आणि ट्रेमधल्या सगळ्या नळ्यांवर एकच नंबर छापला. माणसांना परत बोलावून सुया टोचाव्या लागल्या. एका आजोबांनी विचारलं, आधीचं रक्त पसंत पडलं नाही का.

तात्पुरतं जुन्या इंजिनावर भागवत असताना साहेबांनी नव्यासाठी तोडगा काढला. फंक्शनला दर वेळी रुग्णाचं नाव द्यायचं. त्याला नावाशी घेणंदेणं नाही, पण इंजिनाला प्रश्न नवा वाटेल. चाचणीत नंबर वेगवेगळे आले. उरली ताईची मंजुरी. तिच्या बढतीचा कागदही आपल्याकडेच आहे, हे साहेबांनी मायेनं सुचवलं.

"एकाच नावाची दोन माणसं आली तर?" ताईनं विचारलं.

"लाखात एखाद्या वेळी."

"मग त्या दोघांपैकी कुणाला दुसऱ्याचं औषध द्यायचं, तेही ठरवून ठेवा."

नंबर नोंदणीच्या खिडकीवरच द्यावा, भाषेनं तो फक्त छापावा, असं तिचं म्हणणं. खिडकीवरच्या बाई तयार होत्या. साहेब तयार नव्हते, कारण त्यांच्या फंक्शनला मग कामच उरत नव्हतं.

"हट्ट सोड, ताई. चालतंय ना ते?"

"चालतंय. माझ्या नावावर नाही चालणार."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी सगळं ऐकून त्यानं बढतीचा विषय कायमचा मिटला असं जाहीर केलं आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

बढती शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. रुजू होताच त्यानं तोच तोडगा नव्या नावानं मंजुरीला पाठवला, सोबत ताईच्या अनुभवाविषयी चार गोड शब्द. ताईनं गोड शब्द शेवटपर्यंत वाचले. मग 'नामंजूर' दाबलं, कारणाच्या रकान्यात 'एकाच नावाची दोन माणसं' असं लिहिलं आणि खिडकीवरच्या बाईंना विचारायला गेली, नंबर द्यायला उद्यापासून सुरुवात करायची का.